बेस भिंतीपलीकडे जातो

इंदुरात विजयनगर, न्यू पलासिया आणि बायपासच्या बाजूच्या छोट्या पबांत, कॅफेंत शुक्रवार-शनिवारी रात्री बँड वाजतो. वाजवणारे बहुतेक हौशी असतात. दिवसा बँकेत, सॉफ्टवेअर कंपनीत नाहीतर कोचिंग क्लासात नोकरी करायची आणि आठवड्याच्या शेवटी गिग करायचा. गायक, गिटारवाला, काहोन वाजवणारा मिळायला वेळ लागत नाही. बेसिस्ट मात्र शोधावा लागतो, आणि पुष्कळदा दोन गिटारवाल्यांपैकी एकाच्या गळ्यात बेस अडकवून काम भागवलं जातं. घरी हेडफोनवर नाहीतर 15-20 वॅटच्या अॅम्पवर तयार झालेल्या अशा बेसिस्टला पबमधली पहिली रात्र जड जाते. बोटं तयार असतात, गाणी पाठ असतात, पण खोलीचा अंदाज नसतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एखाद्या पबात लाइव्ह संगीत टिकेल की दोन महिन्यांत तिथे पुन्हा डीजे येईल, यात बेसिस्टचा वाटा फार मोठा असतो असं माझं स्पष्ट मत आहे. कारण साधं आहे. पबमधला गायकाचा आवाज, गिटार, झांजा हे सगळं भिंत बऱ्यापैकी अडवते. खर्ज अडवत नाही. आवाजाची कंपनसंख्या निम्मी झाली की त्याच भिंतीचा अटकाव साधारण 6 डेसिबलने घटतो. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची, म्हणजे ई तार 41 हर्ट्झवर कंप पावते; गिटारची सर्वांत खालची तार 82 वर. त्यामुळे वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला गाणं कुठलं चाललंय ते कळत नाही, पण बेस कळतो. तक्रार बेसची होते. मग मॅनेजरला फोन येतो, आणि पुढच्या आठवड्यात बँडची तारीख रद्द होते.

नियमही माहीत असावेत. मध्य प्रदेशात 1985 चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे आणि देशभर लागू असलेले 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. व्यापारी भागासाठी दिवसा 65 आणि रात्री 55 डेसिबल, निवासी भागासाठी 55 आणि 45 अशी मर्यादा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात लाउडस्पीकरला बंदी आहे. बंदिस्त सभागृहात आतल्या आत वाजवण्याची तेवढी मुभा. डिसेंबर 2023 मध्ये मोहन यादव मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांच्या सरकारच्या अगदी पहिल्या आदेशांत लाउडस्पीकरच्या नियमांची कडक अंमलबजावणी होती. मोबाइलवरचं डेसिबलचं अॅप दाखवून 'आपण मर्यादेत आहोत' असं मॅनेजरला सांगू नका. हे मोजमाप माणसाच्या कानाच्या हिशेबाने केलेलं असतं आणि त्यात खर्जाचं वजन मुद्दाम कमी धरलेलं असतं. मीटर गप्प असतो तेव्हाही शेजाऱ्याच्या खिडकीची काच थरथरत असू शकते.

म्हणून छोट्या पबमध्ये बेस मोठा असण्यापेक्षा स्पष्ट असायला हवा. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी खोली

साउंडचेकच्या आधी अर्धा तास पोहोचा आणि वाद्य काढण्याआधी छताकडे बघा. कुठल्याही दोन समोरासमोरच्या पृष्ठभागांमधलं अंतर फुटांत मोजा आणि 565 ला त्या आकड्याने भागा. जो आकडा येईल त्या हर्ट्झचा स्वर त्या दोन पृष्ठभागांमध्ये अडकून घुमतो. त्याच्या दुप्पट-तिपटीचे स्वरही घुमतात. आपल्याकडच्या व्यापारी इमारतींत छत बहुतेक 10 फुटांच्या आसपास असतं. 565 भागिले 10 म्हणजे साडेछप्पन्न. बेसची मोकळी ए तार 55 हर्ट्झची. खोलीची रुंदी 20 फूट असेल तर तिची दुप्पट कंपनसंख्याही तिथेच येऊन बसते. अशा खोलीत ए वाजवला की तो इतर स्वरांपेक्षा कितीतरी मोठा होतो आणि लवकर विझत नाही. शेजारचा जी व्यवस्थित, बी व्यवस्थित, मधला ए मात्र सगळं गाणं गिळतो.

गणित नको असेल तर कान पुरे. पहिल्या मजल्यावरचा एक नमुनेदार पब डोळ्यांसमोर आणा. रस्त्याकडच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, उलट्या बाजूला बार आणि त्यामागे बाटल्यांची फळी, खाली टाइल्स. स्टेज म्हणजे कोपऱ्यातला वीतभर उंच चौथरा. बेस लावा, टोनच्या सगळ्या नॉब मध्यावर ठेवा, आणि ई तारेच्या मोकळ्या स्वरापासून एकेक फ्रेट वर चढत जा. प्रत्येक स्वर सारख्याच जोराने, दोन सेकंद धरून. लांब केबल असेल तर वाजवत वाजवत टेबलांमधून फिरा. नसेल तर गिटारवाल्याला वाजवायला सांगा आणि तुम्ही फिरा. एका विशिष्ट फ्रेटवर बाटल्यांच्या फळीतून बारीक किणकिण सुरू होते, बारवर पाण्याचा ग्लास असेल तर त्यात लहर उठते. तो तुमचा त्या रात्रीचा वैरी स्वर. सेटलिस्टच्या डोक्यावर तो लिहून ठेवा.

तो सापडल्यावर काय करायचं? मिक्सरवर पॅरामेट्रिक इक्यू असेल तर तेवढीच कंपनसंख्या 4 ते 6 डेसिबल उतरवायला सांगा. बहुतेक ठिकाणी मिक्सर लहान असतो आणि त्यावर लो, मिड, हाय इतकंच असतं. तिथे लो सरसकट खाली आणलं तर सगळेच स्वर बारीक होतात. मग उपाय बोटांत आहे: तो स्वर हलका मारा, लवकर दाबून थांबवा, नाहीतर वरच्या सप्तकात घ्या. 55 चा ए त्रास देत असेल तर डी तारेच्या सातव्या फ्रेटवरचा ए 110 चा आहे, तो वापरा.

अॅम्प कोपऱ्यातून दोन-तीन फूट बाहेर काढा. भिंत, दुसरी भिंत आणि जमीन अशा तिन्ही पृष्ठभागांचा आधार मिळाला की खर्ज आपोआप फुगतो. शिवाय, जमिनीवर ठेवलेला अॅम्प तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतो, कानांना नाही. तुम्हाला वाटतं बेस कमी आहे, तुम्ही आवाज वाढवता, आणि समोरच्या टेबलावरच्या माणसाला त्याच्या मित्राचं बोलणं ऐकू येईनासं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर अॅम्प ठेवा, शक्य असेल तर मागे कललेला. इतक्याने निम्मा प्रश्न सुटतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती पुष्कळांना पटत नाही. मिक्सरच्या चॅनलवर लो-कटचं बटण असतं, साधारण 75 ते 100 हर्ट्झच्या खालचं कापणारं. बेसच्या चॅनलवर ते कधीच दाबायचं नाही असं शिकवतात. घुमणाऱ्या छोट्या खोलीत ते दाबून बघा. ई तारेचा मूळ 41 हर्ट्झचा स्वर गेला तरी त्याचे 82, 123 वरचे भाग उरतात, आणि कान त्यांच्यावरून मूळ स्वर ओळखतो. शिवाय आवाज कमी असताना माणसाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो. म्हणजे हळू वाजणाऱ्या पबमध्ये 41 हर्ट्झवर खर्च केलेली वीज श्रोत्याला फारशी मिळत नाही, शेजाऱ्याला मिळते. स्पष्टपणा हवा असेल तर 200-300 हर्ट्झचा गढूळपणा थोडा उतरवा आणि 700 ते 1000 च्या पट्ट्यात किंचित उचला. बोटाचा तारेवरचा स्पर्श तिथे ऐकू येतो.

वायर, विजेचा बोर्ड आणि साउंडवाला

छोट्या पबमध्ये बेस अॅम्प असेलच असं धरून चालू नका. बऱ्याच ठिकाणी दोन टॉप स्पीकर आणि नशीब असेल तर एक सब एवढंच असतं, आणि बेस थेट मिक्सरमध्ये जातो. पॅसिव्ह बेसला पुढच्या यंत्राकडून साधारण 1 मेगाओहमचा इनपुट लागतो. मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये तो मिळत नाही आणि आवाज बोदा येतो. मग बेसिस्टला वाटतं आपल्या तारा जुन्या झाल्या. यासाठी स्वतःचा डीआय बॉक्स घ्या. नवीन पेडल किंवा नवीन पिकअपपेक्षा आधी तो. अॅक्टिव्ह डीआय मिक्सरच्या 48 व्होल्टच्या फँटम पॉवरवर नाहीतर 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण आहे ना, ते बघून घ्या. गुणगुण आली की सर्वांत आधी तेच दाबून बघायचं असतं.

ही गुणगुण बेसिस्टला विशेष छळते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी 49 हर्ट्झचा. दोन्ही एकमेकांत मिसळले की तो स्वर सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो, तुम्ही सुरात असलात तरी बेसूर वाटतो. लाइटचे डिमर, फ्रीजर, बारची ब्लेंडर ज्या बोर्डावर आहेत त्यावर साउंड सिस्टिम लावू नका. जनरेटरवर जाताना दोन सेकंद अंधार होतो आणि परत येताना स्पीकरमधून मोठा ठोका येतो. वीज गेली की लगेच व्हॉल्यूम शून्यावर आणा.

अर्थिंगच्या बाबतीत तडजोड करू नका. इथे जिवाचा प्रश्न आहे. हातात बेसच्या तारा आणि ओठाला मायक्रोफोन, अशा वेळी दोन्हींची अर्थिंग वेगळी किंवा बिघडलेली असेल तर ओठाला झटका बसतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर स्वस्तात मिळतो, तो बॅगेत असू द्या आणि ज्या बोर्डावर अॅम्प लावणार तिथे आधी खुपसून बघा. अर्थचा दिवा चुकीचा दाखवत असेल तर बोर्ड बदलून घ्या. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे भेटतात. त्यांना तुमच्या अॅम्पला हात लावू देऊ नका.

साउंडवाल्याशी नातं पहिल्या दहा मिनिटांत ठरतं. त्याचं नाव विचारा. इंदुरात 'भिया' म्हटलं की अर्धं काम होतं. 'बेस बढाओ' असं सांगण्याऐवजी काय ऐकू येत नाही ते सांगा: 'भिया, मुझे किक सुनाई नहीं दे रही', किंवा 'ये एक नोट बहुत गूँज रहा है, बाकी ठीक है'. त्याला ती खोली तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते. मागच्या आठवड्यात काय झालं हेही त्यालाच विचारा.

बॅगेत काय असावं? दोन केबल, 9 व्होल्टच्या दोन नव्या बॅटऱ्या, ट्यूनर, डीआय, टेस्टर, इन्सुलेशन टेप, छोटा टॉर्च. बेसची तार सहसा तुटत नाही, अॅक्टिव्ह बेसची बॅटरी मात्र ऐन गाण्यात दगा देते. जॅक लावलेला ठेवला की बॅटरी खर्च होत राहते, म्हणून ब्रेकमध्ये जॅक काढा. कानात घालायचे फोमचे बोळेही ठेवा. 85 डेसिबलमध्ये आठ तास सुरक्षित मानले जातात, त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो; 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. झांजेशेजारी उभं राहून दोन तास वाजवणाऱ्याने हा हिशेब स्वतः करावा.

'काळी चार'

पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला बेसिस्ट इंदूरच्या पबात इथे अडखळतो. गायिका येते आणि म्हणते, 'स्केल काली चार.' हार्मोनियमवर वाढलेल्या गायकांची हीच भाषा आहे, आणि आपल्या शहरात ती घरोघर आहे. सुगम संगीताचे क्लास, गणपतीतले कार्यक्रम, 'सानंद' संस्थेच्या मैफली यांतून आलेली मंडळी जी शार्प म्हणत नाहीत. काळी एक म्हणजे सी शार्प, दोन म्हणजे डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. पांढरी एक म्हणजे सी आणि पुढे क्रमाने. हे गुणाकाराच्या पाढ्यासारखं तोंडपाठ हवं.

गाणं फ्रेटच्या आकड्यांनी पाठ करू नका, सा-म-प अशा स्थानांनी करा. बेसच्या तारा एकमेकींपासून चौथ्या स्वरावर लावलेल्या असतात, त्यामुळे 'सा' ज्या फ्रेटवर, त्याच फ्रेटवर खालच्या बाजूच्या पुढच्या तारेवर मध्यम, आणि तिथून दोन फ्रेट वर पंचम. काळी चारचं गाणं असेल तर ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर सा, ए तारेच्या चौथ्यावर म, सहाव्यावर प. गायकाचा घसा बसला आणि तो ऐनवेळी काळी तीनवर उतरला तर सगळा हात दोन फ्रेट मागे सरकवायचा, बस. मोकळ्या तारांवर बांधलेली लाइन मात्र अशी सरकत नाही, म्हणून तालमीत मोकळ्या तारा टाळून प्रत्येक गाणं एकदा तरी वाजवा. काळी दोन किंवा पांढरी दोन आली तर चार तारांच्या बेसवर खालचा सा नसतो; ए तारेवर घ्या. त्यासाठी घाईने पाच तारांचा बेस घेण्याची गरज नाही, छोट्या खोलीत तो खालचा 31 हर्ट्झचा बी तुम्हाला वाजवताच येणार नाही.

एक प्रश्न विचारायला विसरू नका: 'सा से या मध्यम से?' गझल आणि भजनाच्या अंगाची गाणी पुष्कळ जण मध्यमाला सा मानून गातात. स्केल काळी एक सांगितलं जातं आणि गाणं मुक्काम करतं एफ शार्पवर. गिटारवाल्याला कॉर्ड विचारून खात्री करा.

कमी वाजवा

पबच्या सेटमध्ये ऐंशी टक्के गाणी हिंदी सिनेमाची असतात, आणि इंदुरात किशोरकुमारशिवाय रात्र संपत नाही. खंडव्यात जन्मलेला, इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेला माणूस. लोकांना तो घरचा वाटतो. त्याची सत्तरच्या दशकातली संगीतकार पंचमदांकडची गाणी बेसिस्टसाठी शाळा आहेत. पंचमदांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ यांचं काम हेडफोन लावून, बाकी सगळं विसरून ऐका. गायक श्वास घेतो तिथे बेस बोलतो आणि गायक बोलतो तिथे बेस पाया धरून असतो. मूळ रेकॉर्डमधली लाइन शक्य तितकी तशीच वाजवा. ती ऐकत लोक मोठे झालेले असतात. नाव सांगता आलं नाही तरी चुकलेली त्यांना कळते.

दुसरं नाव राहुल राम यांचं, 'इंडियन ओशन'चे बेसिस्ट आणि गायक. नव्वदच्या दशकात ते नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होते, आणि 2000 मध्ये आलेल्या 'कंदिसा' या अल्बममधलं 'मा रेवा' हे गाणं नर्मदाकाठच्या लोकगीतातून आलं आहे. इंदूर ज्या नदीचं पाणी पितं तिचं गाणं. चार मिनिटांच्या सिनेगीताच्या साच्यात नसलेल्या गाण्याखाली बेस कसा चालतो आणि बेस वाजवता वाजवता गाता कसं येतं, हे त्यांच्याकडून शिकावं. गाणाऱ्या बेसिस्टने तालमीत आधी बेस बोलता बोलता वाजवून बघावा: कोणाशी गप्पा मारत असताना लाइन मोडली नाही, की मगच गाणं त्यावर ठेवावं.

तरुण मुलं-मुली बेसिस्ट मोहिनी डे यांचे व्हिडिओ बघून स्लॅपचा रियाज करतात. तो रियाज जरूर करा. पण त्यांच्या वाजवण्यातला वेग बाजूला ठेवून लय किती पक्की आहे ते ऐका, कारण पबमध्ये तुमच्याकडून लोकांना तेवढीच हवी असते. तिथल्या चाळीस माणसांपैकी पस्तीस जेवायला आलेली असतात.

ड्रम्सऐवजी काहोन, ढोलक किंवा तबला असेल तर वाजवणं बदलतं. डग्ग्याचा घुमार बेसच्याच पट्ट्यात येतो. दोघांनी एकाच वेळी लांब स्वर धरला तर दोघेही हरवतात. केरव्यात समेवर स्वर द्या आणि पाचव्या मात्रेच्या, कालाच्या बाजूला जागा सोडा. तिथे ठेका बोलू द्या. दादऱ्यात पहिली आणि चौथी मात्रा पुरे, मधलं भरण्याचा मोह आवरा. डाव्या हाताने तार सोडण्याची वेळ ही वाजवण्याच्या वेळेइतकीच महत्त्वाची आहे. ब्रिजजवळ तारांखाली फोमचा तुकडा सरकवला की स्वर आखूड होतात आणि घुमणाऱ्या खोलीत सगळं लख्ख ऐकू येतं. मोटाउन रेकॉर्ड कंपनीचे बेसिस्ट जेम्स जेमरसन यांच्या बेसमध्ये असाच फोम असे.

उभं राहायचं ते हाय-हॅटच्या बाजूला, ड्रमरचा उजवा पाय दिसेल असं. काहोन असेल तर वाजवणाऱ्याचे हात दिसतील असं. अंधारात नजर हेच एकमेव मॉनिटर असतं. चुकीचा स्वर लागला तर चेहरा बदलू नका, आणि पुढच्या समेला नक्की हजर राहा; लय न सुटलेली चूक टेबलांपर्यंत पोहोचत नाही. लय सुटली की सगळ्यांना समजते, वेटरलासुद्धा.

इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ यांनी अतिविलंबित लयीत दोन स्वरांमधली जागा किती भारलेली असू शकते हे दाखवलं. त्यांचं गाणं बेसिस्टने ऐकावं असं मी आग्रहाने सांगेन. हळू गाण्यात घाई न करता थांबणं त्या गाण्यासारखं दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही, आणि पबमधली हळू गाणीच बहुतेक बेसिस्ट पळवतात.

गच्ची, हवा आणि मॅनेजर

माळव्याच्या रात्री थंड आणि छान असतात म्हणून इथे गच्चीवरचे कॅफे पुष्कळ आहेत. तिथे वर सांगितलेलं बरंचसं उलटं होतं. भिंती नाहीत, त्यामुळे खर्जाला आधार नाही; 100 वॅटचा कॉम्बो हवेत विरून जातो. दुप्पट वॅटने फक्त 3 डेसिबल वाढतात, म्हणून मोठा अॅम्प भाड्याने आणण्यापेक्षा बेस दोन्ही टॉपमधून घ्या, उपलब्ध एकमेव भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि ई तारेवर कमी, ए-डी तारांवर जास्त वाजवा. शिवाय उघड्या गच्चीला बंदिस्त जागेची मुभा नाही, दहा म्हणजे दहा. सेट साडेसातला सुरू करा आणि सर्वांत जोरकस गाणी नऊच्या आत वाजवा. शेवटचा अर्धा तास हळू गाण्यांचा ठेवला तर दहाला आवाज आपोआप उतरलेला असतो.

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हातून थेट एसीत बेस नेला की मान आणि तारा दोन्ही हलतात. गिगबॅग उघडून वीस मिनिटं ठेवा, मग सूर लावा, पहिल्या गाण्यानंतर पुन्हा तपासा. जानेवारीत गच्चीवर बोटं आखडतात. वाजवण्याआधी गरम पाण्यात हात धरा. पावसाळ्यात स्कूटरवर बेस नेताना बॅगेवर रेनकव्हर हवंच. आणि गिग झाल्यावर सराफ्यात खायला जायचंच असेल तर आधी तारा पुसून बॅग बंद करा; गराडूच्या तेलाचे हात तारांना लागले की त्या आठवड्यात मेल्या समजा.

मॅनेजरशी बोलणं तोंडी ठेवू नका. तारीख, वेळ, किती सेट, मानधन किती आणि कधी, जेवण आहे का, साउंड कोणाचा, हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून 'ओके' मिळवा. मध्य प्रदेशात मद्यपानाचं कायदेशीर वय 21 आहे. बँडमधलं कोणी त्याहून लहान असेल तर आधी मॅनेजरला सांगा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. दारावर अडवल्यावर वाद घालण्यात साउंडचेक जातो. गाण्यांच्या सार्वजनिक सादरीकरणाचा आयपीआरएसचा परवाना सहसा जागेचा मालक किंवा आयोजक घेतो, पण तो आहे का हे विचारून घ्यायला हरकत नाही. 'फुकट वाजवा, ओळख होईल' असा प्रस्ताव आला तर पहिल्या एका रात्रीपुरता विचार करा. दुसऱ्या रात्रीला पैसे मागा, थोडे का असेना. तुम्ही फुकट वाजवता तेव्हा शहरातल्या इतर वादकांचंही मानधन तुम्ही खाली आणता.

आणि आवाज कमी करा असं सांगायला मॅनेजर आला की लगेच करा, गाण्याच्या मध्यातही. त्याने ते सहज सांगितलेलं नसतं, बहुतेक वेळा कोणाचा तरी फोन आलेला असतो. बेसिस्टने सर्वांत आधी नॉब फिरवला की गिटारवालाही फिरवतो.

गिगचं रेकॉर्डिंग मोबाइलवर जरूर करा, पण बेस किती ऐकू येतो हे त्यावरून ठरवू नका. मोबाइलचा माइक आणि स्पीकर दोन्ही खर्ज खातात. त्यात लय ऐका: ठेक्याच्या पुढे जाताय की मागे, आणि स्वर जिथे संपायला हवा तिथे संपतोय का. बेसच्या प्रमाणासाठी एक मित्र सर्वांत मागच्या टेबलावर बसवा आणि पहिल्या सेटमध्ये तीनच खुणा ठरवा: जास्त, कमी, ठीक. दुसरा मित्र असेल तर त्याला खाली रस्त्यावर उभं करा. इमारतीबाहेर बेस किती येतो ते तोच सांगू शकेल.

प्रत्येक जागेसाठी वहीत एक पान ठेवा. घुमणारा स्वर कुठला, कोणत्या बोर्डाची अर्थिंग ठीक आहे, सब कुठे ठेवलेला आहे, साउंडवाल्याचं नाव, तक्रार कोणत्या बाजूच्या इमारतीतून येते. परत तिथे जाल तेव्हा अर्धा तास वाचेल. आणि त्या जागी दुसरा बँड जाणार असल्याचं कळलं तर त्यांच्या बेसिस्टला त्या पानाचा फोटो पाठवा.